अप्पूच्या नावाने नेत्रदान करायचे तर पहिले सहा तास सांभाळा: सीमाभागातील पंच मंडळींना खुले पत्र

प्रति,
बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी भागातील गल्लोगल्लीची पंच मंडळी, गणेशोत्सव व शिवजयंती मंडळांचे कार्यकर्ते, महिला मंडळे आणि पुनीत राजकुमार यांचे चाहते यांस

स. न. वि. वि.

दर वर्षी २९ ऑक्टोबरला, कन्नड चित्रपट अभिनेते पुनीत राजकुमार म्हणजेच आपल्या अप्पूच्या पुण्यतिथीला, त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, फलक लागतात, अन्नदान होते आणि बऱ्याच ठिकाणी एका टेबलावर नेत्रदानाचे अर्जही भरून घेतले जातात. आपल्या भागात मराठी घरांतल्या पोरांनीही अप्पूला कन्नडमध्येच पाहिले आणि आपले मानले, म्हणून हे पत्र मराठीतून लिहायला आम्हाला जराही संकोच वाटत नाही. आम्ही नेत्रदानाच्या कामातले समुपदेशक, तंत्रज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ आहोत. आमची विनंती एकच आहे. अर्ज भरून घेण्यावर तुम्ही जेवढा जोर लावता, तेवढा मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा तासांत मयताच्या घरातून नेत्रपेढीला, म्हणजे दान केलेले डोळे घेणाऱ्या केंद्राला, जाणाऱ्या फोनवर लावा. अर्जाने डोळे मिळत नाहीत, फोनने मिळतात.

पुनीत यांच्या घरात हे कसे घडले ते आधी पाहा. त्यांचे वडील, अभिनेते डॉ. राजकुमार यांच्या नावाची नेत्रपेढी बेंगळूरच्या नारायण नेत्रालयात १९९४ साली सुरू झाली आणि त्याच वेळी त्यांनी आपल्या सगळ्या कुटुंबाच्या नेत्रदानाचा शब्द दिला. १२ एप्रिल २००६ रोजी ते गेले, त्यांचे डोळे दिले गेले. ३१ मे २०१७ रोजी पुनीत यांच्या आई पार्वतम्मा गेल्या, त्यांचेही दिले गेले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी धाकटा मुलगा पुनीत वयाच्या ४६व्या वर्षी अचानक गेला. अख्खे राज्य हादरले होते, रुग्णालयाबाहेर गर्दी मावत नव्हती, आणि तशा अवस्थेतही घरच्यांनी नेत्रपेढीला वेळेत निरोप दिला. त्या दिवशी कुणाला नव्याने विचार करावा लागला नाही, कारण निर्णय २७ वर्षांपूर्वीच घरात झालेला होता. त्यांच्या दानधर्माचे अनेक आकडे मोबाईलवर फिरत असतात. ते फलकावर छापू नका. नेत्रदानाची ही हकीकत पक्की आहे आणि तेवढी पुरेशी आहे.

पुनीत यांच्या डोळ्यांचा चौघांना उपयोग झाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. तो कसा झाला हे मात्र कार्यक्रमात कुणी सांगत नाही. दानात मिळालेल्या डोळ्यातून वापरला जातो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया. त्याचा व्यास ११ ते १२ मिलिमीटर आणि जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. पुनीत यांच्या प्रत्येक कॉर्नियाचे पुढचा आणि मागचा असे दोन थर वेगळे केले गेले. पुढचा थर ज्यांचा दोष वरच्या भागात होता अशा दोघांना बसवला, आणि मागचा थर ज्यांच्या आतल्या पेशी निकामी झाल्या होत्या अशा दोघांना. यासाठी कॉर्निया उत्तम प्रतीचा लागतो आणि त्या त्या थराची गरज असलेले रुग्ण त्याच वेळी तयार असावे लागतात. दर वेळी हे जुळत नाही. एरवी दोन डोळ्यांतून दोघांना नजर मिळते, आणि पेशींची संख्या कमी भरली तर कधी एकालाही मिळत नाही. तो कॉर्निया मग शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी जातो. म्हणून मयताच्या दारात उभे राहून ‘तुमच्या वडिलांमुळे चौघे पाहतील’ असे वचन देऊ नका. नंतर खरे कळले की त्या घरातला दुसरा माणूस नेत्रदानाला नाही म्हणतो.

आता अर्जाबद्दल. अर्ज भरणारा स्वतः फोन करू शकत नाही, आणि त्याने भरलेले कार्ड बहुधा कपाटातल्या एखाद्या फाईलीत असते. घरातल्या कुणाला ते माहीत नसेल तर ते नसल्यासारखेच. उलट ज्याने आयुष्यात कधी अर्ज भरला नाही, त्याचेही डोळे जवळचे नातेवाईक देऊ शकतात: पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा, नातवंडे. तेव्हा २९ तारखेच्या टेबलावर एकट्या पोराची सही घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्यापेक्षा त्याच्या आई-वडिलांना, बायकोला शेजारी बसवा. ‘आमच्या घरात कुणी गेले तर आम्ही फोन करू’ हे त्या घरातल्या निदान दोघांच्या तोंडून निघाले, की काम झाले.

बेळगावच्या गल्ल्यांत कुणी गेले की पहिला निरोप पंचांना जातो. तिरडीचे सामान, गाडी, सदाशिवनगर किंवा शहापूरच्या स्मशानभूमीतली व्यवस्था, पाहुण्यांना फोन, हे सगळे पंच मंडळी बघते. नेत्रपेढीचा फोन याच यादीत सगळ्यात वर आला पाहिजे. घरचे रडत असतात, त्यांना सुचत नाही. डॉक्टरांनी मृत्यू सांगितल्यावर अर्ध्या तासात पंचांपैकी एका जाणत्या माणसाने घरातल्या कर्त्याला बाजूला घेऊन एकदाच, हळू आवाजात विचारावे. नाही म्हणाले तर विषय तिथेच सोडावा, पुन्हा छेडू नये. हो म्हणाले तर फोन लगेच करावा, पाहुणे येईपर्यंत थांबू नये. पुण्या-मुंबईहून मुलगा यायचा आहे, तो आला की ठरवू, असे म्हणण्यात सर्वांत जास्त दाने हातची जातात. मुलगा वाटेत असेल तर त्याला फोनवर विचारा. सही करायला घरात दुसरा जवळचा नातेवाईक असतोच.

नेत्रपेढीचे पथक येईपर्यंत घरच्यांनी करायचे काम सोपे आहे. दोन्ही पापण्या हलक्या हाताने मिटवाव्यात आणि त्यांवर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कापूस ठेवावा. कापूस सुकला की पुन्हा ओला करावा. पंखा बंद करावा, कारण वाऱ्याने कॉर्निया कोरडा पडतो आणि वरचा थर निघून येतो. एसी असेल तर चालू ठेवावा. डोक्याखाली उशी देऊन डोके साधारण सहा इंच वर ठेवावे. तसे केल्याने पापण्यांना सूज कमी येते आणि डोळे काढताना रक्तही कमी येते. कपाळावर कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवला तर उत्तम. अंघोळ, हार, तुळशीपत्र, गंगाजल यातले काहीही अडत नाही. फक्त गुलाल, बुक्का आणि हळद-कुंकू डोळ्यांपासून दूर राहू द्या, आणि उदबत्ती किंवा दिवा चेहऱ्याच्या अगदी जवळ नको.

सहा तास ही मर्यादा का, हेही लोकांना सांगा. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो आत शिरणारे पाणी सतत बाहेर टाकतो, म्हणून पडदा पारदर्शक राहतो. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. मृत्यूनंतर त्या तासातासाने मरतात, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात आणखी लवकर. रोपणासाठी साधारणपणे दर चौरस मिलिमीटरला २,००० च्या वर पेशी असलेला कॉर्निया धरतात. सहावा तास उजाडेपर्यंत वाट पाहणे म्हणजे हातातल्या पेशी घालवणे. दोन-तीन तासांत पथक पोहोचले तर मिळणारा कॉर्निया वेगळ्याच प्रतीचा असतो.

इथे आपल्या भागाचा नकाशा आडवा येतो. खानापूर बेळगावपासून तासाभराच्या आत आहे. पण कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात रस्ता आणि मोबाईलची रेंज या दोन्हींचा भरवसा नसतो, आणि जंगलातल्या काही वाड्यांपर्यंत सहा तासांत पोहोचणे त्या दिवसांत शक्य होत नाही. हे तिथल्या लोकांना आधीच सांगावे, म्हणजे त्यांना उगाच अपराधी वाटणार नाही. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे, अथणीला मिरज. मयताच्या घरातून ‘तुम्ही येता की नाही’ अशी विचारणा सुरू झाली की तासभर जातो. त्यामुळे मंडळाने आत्ताच आपल्या भागासाठी कोणती नेत्रपेढी येते, राज्याची हद्द ओलांडून येते का, रात्री येते का, हे विचारून लिहून ठेवावे. या सेवेसाठी घरच्यांकडून पैसे घेतले जात नाहीत आणि डोळ्यांचे पैसे देणे-घेणे हा कायद्याने गुन्हा आहे.

कागद थोडेच लागतात. मृत्यू झाल्याचे डॉक्टरांचे लेखी पत्र, आजाराची फाईल किंवा डिस्चार्ज कार्ड, सही करणाऱ्याचे ओळखपत्र आणि दोन साक्षीदार. खेड्यात माणूस घरीच गेला आणि डॉक्टर गावात नसेल, तर पहिल्या कागदापाशीच गाडी अडते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी मंडळाने याबद्दल आधी बोलून ठेवावे. संमतीपत्र बऱ्याचदा कन्नड किंवा इंग्रजीत असते. घरातल्या आजीला किंवा काकूला ते वाचता येत नसेल, तर अंगठा घेऊन मोकळे होऊ नका. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसाने एकेक ओळ मराठीत सांगावी: काय काढणार, रक्त कशासाठी घेणार, चेहरा कसा दिसेल. समजून दिलेली संमती नंतर टिकते. न समजता घेतलेल्या संमतीवरून बाराव्याला भांडणे होतात.

चेहऱ्याची भीती खरी असते, तिला हसू नये. काम २० ते ३० मिनिटांचे आहे, घरातल्या घरात, पडदा लावून. हल्ली बहुतेक वेळा फक्त कॉर्निया आणि त्याभोवतीची पांढरी कड काढतात. पूर्ण डोळा काढला तरी तिथे आधार बसवून पापण्या नीट मिटवतात. खड्डा दिसत नाही, अंत्यदर्शनात फरक कळत नाही. सोबत थोडे रक्त घेतले जाते, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस या तपासण्यांसाठी. नंतर कुणीतरी प्रेमाने डोळ्यांवरून हात फिरवताना दाब देतो आणि कडेने रक्ताचा थेंब येतो. तेवढे टाळायला सांगावे.

चष्मा होता, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, साखर होती, बीपी होते, वय ८५ होते, ही कारणे सांगून लोक स्वतःच नकार देतात. यातल्या एकानेही नेत्रदान अडत नाही. काचबिंदू किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) आजाराने आंधळा झालेला माणूसही कॉर्निया देऊ शकतो. अडते ते रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, धनुर्वात, मेंदूज्वर, रक्तातला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग यांनी. शंका असली तरी फोन करा, ठरवण्याचे काम नेत्रपेढीचे आहे. पुणे-बेंगळूर महामार्गावरच्या अपघातासारख्या पोलीस केसमध्येही दान होऊ शकते. मात्र तपास अधिकाऱ्याची आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी लागते. तिथे वेळ जातो, म्हणून पंचनाम्याच्या वेळीच विषय काढायला हवा.

घेतलेला कॉर्निया द्रावणात २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात. साध्या एम. के. द्रावणात तो चार दिवस टिकतो, महागड्या द्रावणात १४ दिवसांपर्यंत. कुणाला बसवला हे घरच्यांना सांगत नाहीत आणि ते विचारूही नये. मंडळाने घरी जाऊन आभारपत्र द्यावे, पण ‘अमक्याला नजर मिळाली’ असा सत्कार भरवू नये.

हे डोळे लागतात कुणाला? आपल्याच भागातल्या माणसांना. ऊसतोडीच्या दिवसांत उसाचे पान डोळ्याला लागते, वर बारीक चरा पडतो, त्यात बुरशी शिरते. लोक मध, तूप, अंगावरचे दूध घालतात, किंवा मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणतात. त्या थेंबांनी दोन दिवस बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. डॉक्टरपर्यंत येईस्तोवर बुबुळ पांढरे झालेले असते. उद्यमबागच्या फौंड्रीत चष्मा न घालता ग्राइंडिंग करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण जातो, तो सोबत्याने काडीने काढायचा प्रयत्न केला की तीच गत. सर्वांत वाईट चुन्याची पुडी. तंबाखूबरोबरची ती पुडी किंवा डबी लहान मूल दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना आत आत जाळत जातो आणि बुबुळाच्या कडेवरच्या ज्या मूळ पेशींवर वरचा थर जगतो त्याच मारतो. अशा डोळ्यात नुसता कॉर्निया बसवून भागत नाही. तेव्हा चुना उडाला की रिक्षा शोधण्याआधी नळाखाली डोळा उघडा धरून सलग अर्धा तास पाणी मारा, पापणी उलटी करून चिकटलेले कण काढा, मगच निघा. निपाणीपासून खानापूरपर्यंत प्रत्येक पानपट्टीवर हे लिहून लावावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

आणि ज्याला कॉर्निया बसला आहे तो तुमच्या गल्लीत असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. पूर्ण कॉर्निया बसवताना केसाहून बारीक नायलॉनचे साधारण १६ टाके असतात, ते काही महिन्यांपासून वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने काढतात. थेंब अनेक महिने चालतात. नजर आली म्हणून थेंब सोडले की शरीर तो पडदा नाकारते. लाली, दुखणे, उजेड सहन न होणे, नजर पुन्हा धुरकट होणे, यातले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बसभाड्याला पैसे नाहीत म्हणून तपासणी चुकवणारे रुग्ण असतात. अन्नदानातले थोडे पैसे तिकडे वळवलेत तर पुनीत यांच्या नावाला ते शोभेल.

त्यांच्या नावाची आणखी एक गोष्ट आपल्या हाताशी आहे. पुनीत गेले ते हृदयविकाराच्या झटक्याने. त्यांच्या नावाने कर्नाटक सरकारची ‘हृदय ज्योती’ योजना आहे. तीत तालुका रुग्णालयात ईसीजी मोफत काढतात, तो मोठ्या केंद्रातले तज्ज्ञ लगेच पाहतात, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज इंजेक्शन तिथेच मोफत दिले जाते. बाजारात त्याची किंमत काही हजारांत जाते. छातीवर दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली की ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका, १०८ ला फोन करा. तालमीत आणि जिममध्ये पोरगा अचानक कोसळला, श्वास नाही, हाक ऐकत नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाब देत राहायचे. हे हाताने करून शिकावे लागते, भाषणातून येत नाही.

पुनीत गेल्यानंतरच्या दिवसांत काही चाहत्यांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि त्यांच्या कुटुंबाने असे करू नका म्हणून हात जोडले होते. मंडळात कुणी पोरगा गप्प गप्प असेल, निरवानिरवीचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ ही टेली-मानस सेवा दिवसरात्र मोफत आहे.

येत्या २९ ऑक्टोबरसाठी आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक मंडळाने दोन माणसे नेमावीत, एक पुरुष आणि एक बाई, कारण आतल्या खोलीत बसलेल्या बायकांशी बोलायला बाईच लागते. त्यांना आम्ही दोन तासांत सगळे शिकवू. फलकावर पुनीत यांच्या फोटोशेजारी नेत्रपेढीचा नंबर लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात, मराठी आणि कन्नड दोन्हींत छापावा. तोच नंबर तिरडीचे सामान विकणाऱ्या दुकानात, शववाहिकेच्या काचेवर आणि स्मशानभूमीच्या कचेरीत लावावा. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या राष्ट्रीय नेत्रदान पंधरवड्यात गणपतीही पुष्कळदा येतात. तेव्हा मंडपात हीच माहिती लावता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सीमाभागात नेत्रदानाचे काम करणारे समुपदेशक, तंत्रज्ञ व डॉक्टर

ता. क. नंबर छापण्याआधी तो एकदा मध्यरात्रीनंतर लावून पाहा. कुणी उचलला नाही तर तो छापू नका, आधी नेत्रपेढीला जाब विचारा.